दुभाजकातली फुलं जगवायची तर

नाशिकचा कॉलेज रोड असो की मुंबई नाका, दुभाजकात झाड लावणं सोपं, उन्हाळ्यात जगवणं कठीण. म्हणून रोपं आणण्याआधी मी माणसं जमवते. समोरचा चहावाला, मेडिकलवाले, सोसायटीचे वॉचमनदादा. प्रत्येकाकडे दहा-बारा पावलांचा पट्टा आणि पाण्याचा ठरलेला वार. महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी मात्र आधीच घ्या.

दुभाजकात बहुतेक वेळा बांधकामाचा राडारोडाच भरलेला असतो. तो दीड फूट तरी खणून काढा. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत घाला. नुसती काळी माती नको, उन्हाळ्यात ती भेगाळते. लागवड जूनमध्ये, चांगले दोन पाऊस झाल्यावर.

माझी पहिली पसंती कण्हेर. धूर, ऊन, कमी पाणी, सगळं सोसते आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत. पण ती सर्वांगाने विषारी आहे, त्यामुळे शाळेजवळ किंवा पदपथालगत मी तगर लावते. बोगनवेल फुलते सुंदर, पण काटे गाडीवाल्यांना लागू नयेत म्हणून तिला रुंद दुभाजकच हवा. रोपांत तीन फूट अंतर ठेवा.

चौकाजवळ झुडपं दोन फुटांच्या वर जाऊ देऊ नका. रस्ता ओलांडणारं लेकरू चालकाला दिसलंच पाहिजे. इथे मी कुणाचंच ऐकत नाही.

पाणी सकाळी लवकर, आणि बुंध्याशी वाळलेल्या पाल्याचा थर. तो पाला कुणी पेटवणार नाही, एवढं चहावाल्या दादांना सांगून ठेवा.