कॅम्पर लहान पडतोय? मोठा घेण्याआधी काय मोजायचं

मुलं मोठी व्हायला लागली की कॅम्परमध्ये, म्हणजे झोपायची-रांधायची सोय असलेल्या सहलीच्या गाडीत, कोपराला कोपर लागायला लागतं आणि लगेच लांब गाड्यांच्या जाहिराती बघणं सुरू होतं. पण ‘लहान पडतोय’ या एका तक्रारीत चार वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात: झोपायची जागा, बेल्टच्या सीटा, वजन वाहायची मुभा आणि पाणी-वीज. यातलं नेमकं काय कमी पडतंय हे न शोधता गाडी बदलली, तर लांबी दीड मीटरने वाढते आणि अडचण तशीच राहते.

म्हणून पुढच्या दोन-तीन सहलींत एक वही जवळ ठेवा. जिथे चिडचिड झाली तिथे वेळ आणि कारण लिहा. ‘रात्री साडेनऊ, धाकटा झोपलाय, त्याच्यासाठी टेबल मोडून पलंग केलाय, त्यामुळे बाकीच्यांना बसायला जागा नाही.’ ‘सकाळी सात, पलंग आवरल्याशिवाय न्याहारी मांडता येत नाही.’ अशा नोंदी रोजच येत असतील, तर तुम्हाला कायमचे पलंग हवेत, आणि मोठा कॅम्पर घ्यायचं हे सगळ्यात खरं कारण आहे. उलट ‘ओले बूट कुठे ठेवायचे’, ‘खेळणी पायात येतात’ अशाच नोंदी जास्त असतील, तर दारापाशी खोलगट ट्रे आणि बाहेर लावायचा एक छोटा तंबू एवढ्यात काम भागतं.

पलंगाचं माप घेताना मुलाच्या आजच्या उंचीवर जाऊ नका. शाळकरी वयात मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंमी वाढतं, वयात येताना त्याहून जास्त. झोपणाऱ्याच्या उंचीपेक्षा पलंग आतून किमान १० सेंमी लांब हवा. बंक बेडवर किती किलोपर्यंत चालेल याची पट्टी किंवा पुस्तिकेत नोंद असते, तीही वाचा. बरेच बंक लहान मुलांच्या वजनासाठीच केलेले असतात. आणि एक हिशेब मनात ठेवा: थोरलं अपत्य आठ-नऊ वर्षांचं असेल तर मोठी गाडी बरीच वर्षं भरून धावेल. ते पंधराचं असेल, तर दोन-तीन उन्हाळ्यांत ते सोबत यायचंच कमी होईल. त्याला स्वतःचा एकट्याचा तंबू दिला तर ते खूशही होतं आणि गाडी बदलायची गरजही संपते.

बर्थ आणि बेल्ट यांची गफलत करू नका. ‘सहा जणांचा कॅम्पर’ म्हणजे सहा जण झोपतील एवढंच, बेल्टच्या सीटा चारच असू शकतात. धावत्या गाडीत पलंगावर कुणालाही झोपवू नका. बाजूला तोंड असलेल्या बाकावर आणि नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर मुलांची सीट बसवायची नसते. तिला साधारणपणे पुढे तोंड असलेली जागा आणि तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट लागतो. गाडी बघायला जाताना मुलाची सीट सोबत न्या आणि तिथेच बसवून बघा. डायनेटच्या (जेवणाच्या टेबलाभोवतीच्या) बाकाची गादी जाड आणि उतरती असते, त्यामुळे सीट डुलते. सीटला खाली टेकू देणारा पाय असेल तर तो पोकळ फळीवर किंवा सामानाच्या झाकणावर येता कामा नये, कारण ती फळी धक्क्यात तुटते. बाक उचलून बेल्टचे बोल्ट बघा: ते चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, जोडलेल्या लोखंडी चौकटीत हवेत, प्लायवुडमध्ये नकोत.

आता वजन. बहुतेकांचा घोटाळा इथे होतो. मोठा कॅम्पर म्हणजे जास्त सामान, असं वाटतं, पण अनेक देशांत साध्या कार परवान्याची हद्द ३,५०० किलो असल्यामुळे लहान आणि मोठे दोन्ही मॉडेल त्याच आकड्यात बसवलेले असतात. डबा जितका मोठा आणि जड, तितकी सामानाला उरलेली मुभा कमी. समजा, ३,५०० ची गाडी रिकामी, फक्त ड्रायव्हर धरून, ३,०५० किलोची आहे. उरले ४५०. त्यातून दुसरा प्रौढ ७०, दोन मुलं मिळून ८०, पाणी १०० लिटर म्हणजे १०० किलो, ऑनिंग (गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छप्पर) ३०, चार सायकली आणि रॅक ८०. राहिले ९० किलो. त्यात कपडे, भांडी, खाणं, गॅसची टाकी, खुर्च्या, सगळं बसवायचं आहे. रिकाम्या वजनात ड्रायव्हर, इंधन आणि पाणी किती धरलंय, आणि जादा बसवलेल्या वस्तू धरल्यात की नाही, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

एकूण वजन हद्दीत असूनही मागच्या एक्सलवरचा (मागच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावरचा) भार हद्दीबाहेर जातो, हे फार जणांना उशिरा कळतं. लांब गाडीचं शेपूट मागच्या चाकांच्या बरंच मागे जातं आणि तिथे लटकवलेलं वजन तरफेसारखं काम करतं. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ४ मीटर आणि सायकलींचा रॅक मागच्या चाकांच्या २.२ मीटर मागे असेल, तर रॅकवरच्या १०० किलोंचा मागच्या एक्सलवर भार पडतो १५५ किलो आणि पुढचा एक्सल ५५ किलोंनी हलका होतो. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी मग ओल्या गवतावर जागीच चाकं फिरवते. तेव्हा आहे तो कॅम्पर सहलीला निघतो तसा भरून, सगळ्यांना बसवून वजनकाट्यावर न्या. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. आलेले आकडे दारापाशी किंवा बॉनेटखाली असलेल्या, कमाल वजनं लिहिलेल्या प्लेटशी ताडून बघा.

कारमागे ओढायचा कॅम्पर (ट्रेलर) असेल तर कारची ओढायची हद्द आणि हुकवर पडणारा भार हे दोन्ही तपासा. हुकवरचा भार युरोपात ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के ठेवतात, अमेरिकेत १० ते १५ टक्के. भार कमी पडला तर वेगात ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झुलायला लागतो. मोठ्या ट्रेलरपायी कारही बदलावी लागणार असेल तर तो खर्च पहिल्या ओळीत लिहा.

फक्त पाणी आणि वीज पुरत नाही म्हणून गाडी बदलू नका. साबण लावताना नळ बंद ठेवला तरी एका अंघोळीला ८-१० लिटर जातात. अंघोळी बाहेर उरकल्या की तीच टाकी बरीच जास्त टिकते. टॉयलेटची कॅसेट (मैला साठवणारी, काढून रिकामी करायची टाकी) दोन दिवसांत भरत असेल तर दुसरी कॅसेट घ्या. १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची असते, तेवढ्याच क्षमतेची लिथियम ८०-९० टक्के वापरता येते आणि वजनाला निम्म्याहून हलकी असते. मात्र चार्जर तिला चालणारा हवा, इंजिनवरून चार्ज करायला मध्ये डीसी-डीसी चार्जर (इंजिनकडून येणारी वीज या बॅटरीला जुळवून देणारा) हवा, आणि साधी लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही.

एवढं करूनही कौल मोठ्याच्या बाजूने आला, तर विकत घेण्याआधी त्याच मांडणीचा कॅम्पर तीन रात्री भाड्याने घ्या. एक दिवस पावसाचा मिळाला तर उत्तमच, कारण सगळे दिवसभर आत असले की मांडणीची खरी परीक्षा होते. रात्री कुणाला न ओलांडता टॉयलेटला जाता येतं का? वाटेत थांबल्यावर, काहीही न उलगडता, फ्रिज उघडतो का? वळताना मागचा भाग वळणाच्या उलट बाजूला किती बाहेर फेकला जातो, हे मोकळ्या मैदानात एकाला बाहेर उभं करून बघा. घरी गाडी लावायच्या जागी नव्या गाडीची लांबी-रुंदी खडूने आखा, दार आणि ऑनिंग उघडायची जागा धरून. उंची मोजून तो आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवा.

जुना कॅम्पर घेताना सगळ्यात आधी ओल शोधा. खिडक्यांचे कोपरे, छतावरच्या झडपांच्या कडा, ऑनिंगचे स्क्रू, मागचे दोन्ही खालचे कोपरे, आणि पलंगाखालचा, एरवी कुणी न उघडणारा कप्पा. भिंत अंगठ्याने दाबा, मऊ लागली तर आतली लाकडी चौकट कुजलेली असू शकते. ओल मोजायचं यंत्र १५ टक्क्यांच्या आत दाखवत असेल तर ठीक, १५ ते २० वर लक्ष ठेवायचं, त्यापुढे कारण सापडल्याशिवाय सौदा करायचा नाही. टायरवरचे, तो कधी बनवला ते सांगणारे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कॅम्परचे टायर झिजण्याआधी उभ्याउभ्या म्हातारे होतात, त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर बदलायचा म्हणूनच किंमत ठरवा.