जुनाट फ्लॅट कमी पैशात नवा करायचाय? तोडफोड नंतर, आधी हे बघा

घर जुनाट दिसायला लागलं की पहिलं डोक्यात काय येतं, तर टाइल्स उखडा, किचन काढून टाका, फॉल्स सीलिंग करा. निम्मं बजेट तिथेच उडतं आणि उरलेल्या पैशात धड काहीच होत नाही. माझं म्हणणं सोपं आहे, जे मजबूत आहे त्याला हात लावू नका, नजर जिथे पडते तेवढंच बदला.

सुरुवात फोनने करा. प्रत्येक खोलीच्या दारात उभं राहून एक फोटो दिवसा आणि एक रात्री लाइट लावून. रोज बघून डोळे सरावलेले असतात, फोटोत मात्र लोंबणाऱ्या वायरी, पिवळे पडलेले स्विचबोर्ड, कपाटावर रचलेली खोकी असं सगळं एकदम अंगावर येतं. यातलं बरंचसं फुकटात निघतं, फक्त सामान हलवायचा कंटाळा सोडावा लागतो.

भिंतीला ओल असेल तर रंगाचं नावच काढू नका आत्ता. पाणी कुठून येतंय ते शोधून आधी ते बंद करा, भिंत पूर्ण वाळू द्या, नाहीतर कितीही भारी पेंट मारा, पोपडे धरणारच. वायरिंग, नवीन पॉइंट, प्लंबिंग हेही रंगाच्या आधी, कारण नव्या रंगावर खाचे पाडताना बघणं म्हणजे जीव तुटतो.

आता लाइट. लोक यावर सगळ्यात कमी डोकं लावतात आणि फरक सगळ्यात जास्त इथेच पडतो. छताच्या मधोमध एकच पांढराफटक लाइट, 6500 केल्विनवाला (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तेवढा उजेड पिवळसर), त्यात चांगलं घरसुद्धा ऑफिससारखं भकास दिसतं. हॉल आणि बेडरूमला 2700 ते 3000, किचनच्या ओट्यावर 4000 चालेल, पण एकाच खोलीत दोन रंगांचे बल्ब नकोत. वरचा एक लाइट कमी वापरून कोपऱ्यात एखादा लॅम्प ठेवला तरी खोलीला खोली येते. बॉक्सवर बऱ्याचदा सीआरआय लिहिलेला असतो, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, तो 90 च्या आसपास मिळाला तर घ्या, रंग आणि चेहरे नीट दिसतात.

आणि म्हणूनच आधी लाइट, मग रंग. शेडकार्डवरच्या नखाएवढ्या चौकोनावरून कधीच ठरवू नका, छोटा डबा आणून भिंतीवर दोन बाय दोन फुटाचा पट्टा मारा आणि तो सकाळी, दुपारी, रात्री नवीन लाइटखाली बघा, सकाळी क्रीम वाटलेला रात्री चक्क पिवळाधमक निघतो. पोपडे खरवडणं, पुट्टी, घासणं, प्रायमर यात काटकसर करू नका, फिनिश त्यावरच येतो. फार जुना ऑइलपेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं, तो कोरडा घासायचा नाही, ओला करून आणि मास्क लावूनच, आणि लहान मुलांना तेव्हा घरात ठेवू नका.

किचनच्या कपाटांचे सांगाडे तपासा. सिंकखालचा प्लाय बोटाने दाबून बघा, फुगलेला किंवा भुसभुशीत असेल तर तेवढा भाग बदला, बाकी ठणठणीत असेल तर नुसती शटर बदलून किंवा त्यांना नवीन लॅमिनेट लावून, बिजागऱ्या आणि हँडल नवे टाकून काम भागतं. हँडल घेताना दोन स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर सेंटर टू सेंटर मोजा, बहुतेक वेळा ते 96 किंवा 128 मिलिमीटर असतं. मी शहाणपणा करून अंदाजाने 128 ची आणली, शटरवर भोकं निघाली 96 ची, मग जुनी बुजवा, नवी पाडा, आणि बुजवलेली भोकं आजही ओट्यासमोर उभं राहिलं की माझ्याकडे बघत असतात.

बाथरूमच्या टाइल्स घट्ट असतील तर काळे पडलेले सांधे खरवडून नवीन ग्राउट भरा, तेवढ्यानेही खूप फरक पडतो. फरशीवर फरशी बसवायची असेल तर आधी जुनी ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर नको, आणि लेव्हल वर येते हे लक्षात ठेवा, दारं खालून तासावी लागतात.

पडद्याचा रॉड चौकटीला चिकटून नको, सहा-आठ इंच वर आणि दोन्ही बाजूंना तेवढाच बाहेर घ्या, म्हणजे पडदे सरकवल्यावर काच पूर्ण मोकळी राहते, खिडकीही मोठी वाटते.

सोफा मात्र सगळ्यात शेवटी. शोरूममध्ये तो लहानच दिसतो, म्हणून त्याच्या मापाचे पेपर जमिनीवर चिकटवून दोन दिवस घरात वावरा. तिसऱ्यांदा पेपरवर पाय पडला की समजा एक साइज खाली यायचंय.