वाळवंटातल्या चिंचोळ्या घळीत फोटो कसे काढावेत

घळीत शिरल्यावर पहिला फोटो बहुतेकांचा एकाच पद्धतीने फसतो: मान वर करून काढलेला, मधोमध आभाळाची पांढरीफटक पट्टी आणि दोन्ही बाजूंना काळ्याठिक्कर भिंती. ॲरिझोनातल्या पेज गावाजवळच्या लोअर अँटेलोप कॅन्यनमध्ये मी असे ओळीने आठ-दहा फोटो काढले. आमच्या गाईडबाई (नावाहो या तिथल्या मूळनिवासी जमातीच्या) थोडा वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "आभाळ सोडा आणि मागे वळा." मागच्या वळणावरची भिंत आतून दिवा लावल्यासारखी केशरी झाली होती आणि मी तिच्याकडेच पाठ करून उभा होतो.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, मुख्यतः युटा आणि ॲरिझोना राज्यांत, पुराच्या लोंढ्यांनी वालुकाश्म कापून अशा घळी केल्या आहेत. त्यांना स्लॉट कॅन्यन म्हणतात. खोली कधी शंभर फुटांच्या वर, आणि रुंदी दोन्ही हात पसरता येणार नाहीत एवढी. युटातल्या स्पूकी गल्चमध्ये तर काही ठिकाणी जेमतेम दहा-बारा इंचांची फट उरते, पाठीवरची बॅग काढून कुशीवर सरकावं लागतं.

अशा जागी ऊन थेट तळापर्यंत क्वचितच येतं. ते एका भिंतीच्या माथ्यावर पडतं, तिथून समोरच्या भिंतीवर, मग आणखी खाली. दगडात लोहाची ऑक्साइडं असतात, ती दर उसळीला प्रकाशातला निळा भाग गिळतात. म्हणून वर पिवळा, मधे केशरी, खाली तांबडा असे थर दिसतात. आणि ज्या कोपऱ्याला फक्त निळं आभाळ दिसतं तो जांभळट होतो. आपल्याला हा उसना उजेड टिपायचा आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. घळ आणि वेळ ठरवा

लोअर अँटेलोपच्या जवळचीच अप्पर अँटेलोप ही घळ खाली रुंद आणि वर अरुंद आहे. त्यामुळे मार्चअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारी तिथे उन्हाचे झोत सरळ जमिनीपर्यंत उतरतात. लोअर अँटेलोप उलट, वर रुंद आणि खाली निमुळती. तिथे लोखंडी शिड्या उतराव्या लागतात, पण रंग दिवसभर मिळतात. माझं मत विचाराल तर झोतांचं कौतुक जरा जास्तच होतं. त्या वेळेची तिकिटं सगळ्यात आधी संपतात, गर्दी खांद्याला खांदा लावून उभी असते आणि फोटो हजार वेळा पाहिलेला. सकाळी दहाच्या सुमाराला किंवा दुपारी उशिरा जा, आकाश मात्र निरभ्र हवं. ढगाळ दिवशी भिंती नुसत्या तपकिरी दिसतात.

या दोन्ही घळी नावाहो नेशनच्या, म्हणजे नावाहो लोकांच्या स्वायत्त प्रदेशाच्या, जमिनीवर आहेत. १९९७ पासून तिथे गाईडशिवाय जाता येत नाही आणि नेहमीच्या सहलीत ट्रायपॉड, सेल्फी स्टिक, बॅगा चालत नाहीत. ड्रोनचा तर विचारही नको. ट्रायपॉड लावून निवांत काम करायचं असेल तर युटाकडे वळा. होल-इन-द-रॉक रस्त्यावरून पीक-अ-बू आणि स्पूकी या घळी गाठता येतात. किंवा वायर पास या छोट्या घळीतून बकस्किन गल्चमध्ये उतरता येतं. ही घळ सुमारे १५ मैल लांब आहे, तिच्यासाठी पैसे भरून दिवसाचा परवाना आधी घ्यावा लागतो.

घड्याळाचा एक घोळ लक्षात ठेवा. उन्हाळ्यात युटाची घड्याळं एक तास पुढे जातात, ॲरिझोनाची जात नाहीत. पेज सीमेला खेटून आहे, त्यामुळे मोबाईल कधी युटाचा टॉवर पकडतो आणि वेळ बदलून दाखवतो. सहलीची वेळ ॲरिझोनाचीच धरायची. मोबाईलवर आपोआप वेळ बदलण्याची सोय आदल्या रात्रीच बंद करा.

२. हवामान बघा, आणि डोक्यावरचं नाही

१२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटेलोपमध्ये अचानक पूर आला आणि अकरा पर्यटक वाहून गेले. पाऊस घळीवर नव्हे, काही मैल वरच्या अंगाला पडला होता. सप्टेंबर २०१५ मध्ये युटातल्या झायन राष्ट्रीय उद्यानातल्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जण असेच गेले. खडकाळ वाळवंटात पाणी मुरत नाही, ते थेट घळीत येतं. म्हणून अंदाज बघायचा तो घळीचं पाणी जिथून येतं त्या साऱ्या प्रदेशाचा. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा या भागासाठी पुराच्या शक्यतेचे चार टप्पे जाहीर करते: अपेक्षित नाही, शक्य, संभाव्य, अपेक्षित. पहिल्या टप्प्यापलीकडे काहीही असेल तर मी आत उतरत नाही. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुपारची वादळं नेहमीची आहेत, तेव्हा बेत सकाळचाच करा.

बकस्किनमध्ये चालताना एकदा वर बघा. डोक्यावर खूप उंच, दोन भिंतींच्या मधे, झाडाचा आख्खा ओंडका अडकलेला दिसतो. तिथपर्यंत पाणी चढलं होतं.

३. एक कॅमेरा, एक लेन्स

फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा असेल तर १६-३५ मिमीची रुंद कोनाची लेन्स, छोटा सेन्सर असेल तर १०-१८ किंवा तत्सम. ती बाहेरच लावा आणि बाहेर येईपर्यंत काढू नका. वाऱ्याची झुळूक आली की वरच्या कडेवरची वाळू पिठासारखी झिरपते, ती अंगावर पडल्याचं कळतही नाही. मी एकदा घळीतच लेन्स बदलली. त्या संध्याकाळपासून झूमची रिंग फिरवली की कचकच आवाज यायचा, जात्यात खडा सापडल्यासारखा. दुरुस्तीचा खर्च ऐकून पुढे लेन्स बदलायचं नावच काढलं नाही.

कॅमेऱ्यावर साधी प्लास्टिकची पिशवी चढवा, लेन्ससाठी भोक पाडा, रबरबँड लावा. काच पुसायला फडकं नको, त्याने वाळू घासली जाते. हातात धरायचा रबरी ब्लोअर न्या. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) घरी ठेवा, तो आधीच तुटपुंजा असलेला उजेड खातो.

४. सेटिंग

फ्लॅश बंद. याला अपवाद नाही. फ्लॅश पडला की उसना उजेड मरतो आणि भिंत मातीची दिसते.

फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढा. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल ठरवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवला तर कॅमेऱ्याला वाटतं चित्र फार तांबडं झालंय आणि तो केशरी रंग मारून टाकतो. डेलाइट किंवा क्लाउडी निवडा.

हातात धरून काढायचं असेल तर f/५.६ (लेन्सचं छिद्र), १/३० सेकंद (शटर उघडं राहण्याची वेळ), आयएसओ १६०० (सेन्सरची संवेदनशीलता) इथून सुरुवात करा आणि उजेड बघून बदला. कोपरं छातीशी घट्ट, श्वास अर्धा सोडून, एका वेळी तीन-चार फोटो सलग. त्यातला एक तरी तीक्ष्ण येतो. भिंतीला टेकायचा मोह होईल, पण हा दगड ठिसूळ असतो, झिजतो. ट्रायपॉड असेल तर आयएसओ १००, f/११ आणि दोन ते दहा सेकंद. वाळूत पाय हळूहळू रुततात, म्हणून आधी दाबून बसवा आणि टायमर लावा.

एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते, ठरवताना सगळ्यात उजळ भिंत बघा. स्क्रीनवर जळालेला (जास्त उजेडाने पांढरा पडलेला) भाग लुकलुकण्याची सोय सुरू करा. भिंतीचा तुकडा लुकलुकला की एक्स्पोजर खाली आणा. सावलीतला तपशील रॉमधून नंतर वर काढता येतो, जळालेला पिवळा परत येत नाही. भिंत कॅमेऱ्यापासून फुटावर आणि वळण वीस फुटांवर असेल तर एका फोकसमध्ये दोन्ही नीट येत नाहीत. ट्रायपॉड असेल तर जवळ, मधे, लांब असे तीन फोकस घेऊन नंतर जोडा. नसेल तर वळणाच्या कडेवर फोकस करा आणि जवळची भिंत धूसर राहू द्या, वाईट दिसत नाही.

५. चौकट

आभाळ कापा, थेट ऊन पडलेला पट्टाही कापा. दोन पावलं सरकून तो पट्टा वळणाआड गेला की उरलेली भिंत आपोआप खुलते. उभी चौकट इथे जास्त जमते. दर दहा पावलांनी मागे वळून बघा, तीच भिंत दुसऱ्या बाजूने अगदी वेगळी दिसते.

जवळून बघायलाही वेळ ठेवा. भिंतीवर तिरक्या रेघांचे पदर दिसतात ते सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्यांचे आहेत. वाऱ्याने टाकलेले थर जसेच्या तसे दगड झाले. उजेड भिंतीला घासून जात असेल तेव्हा प्रत्येक पदराला स्वतःची सावली मिळते. हातभर जागा भरून चौकट केली तर पूर्ण घळीच्या फोटोपेक्षा जास्त काही सांगून जाते. उलट, घळ किती उंच आहे हे दाखवायचं असेल तर सोबत्याला वळणावर उभं करा. गडद कपडे चालतील. भडक जॅकेट मात्र नको, त्याचा रंग भिंतीवर उमटतो.

गर्दीत माणसं टाळायची तर कॅमेरा डोक्याच्या उंचीवर धरून जरासा वर रोखा, किंवा गटात शेवटचे राहा. गाईडला हे आधीच सांगितलं तर ते बहुधा सांभाळून घेतात.

६. मोबाईल असेल तर

कमी समजू नका, या घळींत मोबाईल छान चालतो. उजळ भिंतीवर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक होईल. मग बोट खाली ओढून चित्र थोडं गडद करा. नाईट मोड बंद करा, तो सावल्या उजळून सगळं सपाट करतो. रुंद कोनाची लेन्स अंधारात कच्ची पडते, शक्य तिथे मुख्य लेन्सच वापरा.

७. बाहेर आल्यावर

रंग आधीच भरपूर असतात, एडिट करताना सॅच्युरेशनची पट्टी शून्यावरच ठेवा. सावल्या जरा उचला आणि जांभळ्या कोपऱ्यांना हात लावू नका. त्याआधी, गाडीत बसायच्याही आधी, कॅमेरा पिशवीसकट उलटा धरून झटका, ब्लोअरने सांधे आणि बटणं फुंकून काढा, लेन्सचं तोंड खाली करून काचही ब्लोअरनेच फुंका. बुटातली वाळूही तिथेच रिकामी करा, नाहीतर ती रात्री कॅमेऱ्याच्या बॅगेत सापडते.