पोम दामूर लावण्याआधी बांधावरचं रानवांगं उपटा

पावसाळा ओसरत आला आहे. मॉरिशसमध्ये वाक्वा, क्यूरपीपच्या पठारावर माती अजून ओली आहे आणि हिवाळी टोमॅटोची, म्हणजे आपल्या पोम दामूरची रोपं आता शेतात जातील. त्याआधीचे दोन-तीन आठवडे मॉरिशसच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांनी बांधावरच्या रानवांग्यासाठी राखून ठेवावेत.

हे रानवांगं म्हणजे सोलानम मॉरिशियानम. नावात मॉरिशस असलं तरी झाड इथलं नाही, दक्षिण अमेरिकेतलं आहे. शेजारच्या रेयुनियन बेटावर त्याला ‘ब्रिंजेलिए मारॉन’ म्हणतात, म्हणजे रानात पळालेलं वांगं. कुळ वांग्या-टोमॅटोचंच. फुलं जांभळी, पानं मोठी आणि राखाडी लवेची, देठाशी कानासारखी दोन छोटी पानं. चुरगळलं की रॉकेलसारखा वास येतो. काटे नसतात, त्यामुळे काटेरी रिंगणीची ओळख इथे उपयोगाची नाही. गोल फळांचे घोस पिकले की मळकट पिवळे होतात.

बी पसरवतो शिपाई बुलबुल. सह्याद्रीतल्या गावांत रोज दिसणारा हा पक्षी १८९२ मध्ये मॉरिशसला आणला गेला आणि इथलाच होऊन बसला. एकेका फळात शंभराहून जास्त बिया. बुलबुल ते खातो आणि उसाच्या शेतातल्या दगडांच्या ढिगाऱ्यावर, पडीक पट्टीत, वादळाने झाडं पाडून मोकळ्या केलेल्या रानात जाऊन बसतो. रोपं उगवतात ती तिथेच.

नुकसान सावलीपुरतं असतं तर एवढं लिहिलं नसतं. टोमॅटोची फळमाशी याच फळांत वाढते. शेतात टोमॅटो नसतो तेव्हा ती रानवांग्यावर दिवस काढते आणि तुमचा पहिला तोडा तयार होताच आत शिरते. फळात अंडी, मग अळी, अळी मातीत उतरून कोष करते. फवारणी अळीपर्यंत पोचत नाही. काकडी-दुधीच्या माशीसाठी टांगतो ते नर पकडणारे गंधसापळेही या माशीवर चालत नाहीत, त्यावर पैसे घालवू नका. किडकी, गळलेली टोमॅटो मात्र रोज वेचा आणि जाड प्लास्टिक पिशवीत तोंड बांधून उन्हात ठेवा. रेयुनियनमध्ये अशी फळं बारीक जाळीच्या तंबूत टाकतात: माशी आत अडकते, तिच्यावर जगणारा छोटा परोपजीवी कीटक जाळीतून बाहेर येतो. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून असा एक तंबू केला तर खर्च झेपेल, आणि माझ्या मते तो करावाच.

आता झाडाचं. गुडघ्याएवढी रोपं ओल्या मातीत हाताने मुळासकट निघतात. हाच आत्ताच्या दिवसांचा फायदा. मोठं झाड नुसतं कोयत्याने तोडलं तर बुंध्यापासून पुन्हा फुटतं. कुदळीने मूळ काढा. दगडांत ते जमत नसेल तर बुंधा जमिनीलगत कापून, कापल्या कापल्या परवानगी असलेलं तणनाशक लेबलवरच्या मात्रेत ब्रशने लावा. लवेच्या पानांवर फवारत बसू नका. ओढ्याकाठी आणि जंगलाच्या कडेला तर मुळीच नको. घोस आधी कापून पिशवीत घाला, मग खोडाला हात लावा. जागेवर जाळू नका, जाळलेल्या मोकळ्या जमिनीत याची रोपं दाट उगवतात.

पानांची लव घशात आणि डोळ्यांत जाते. तोंडाला फडकं, पूर्ण बाह्या, हातमोजे, जमल्यास चष्मा. कच्ची फळं विषारी आहेत. मुलं आणि शेळ्या त्या बाजूला जाऊ देऊ नका.

मोकळी झालेली जागा उघडी ठेवू नका, रताळ्याचे वेल सोडा. मातीतलं बी काही वर्षं जिवंत राहतं, म्हणून सहा आठवड्यांनी तोच ढिगारा पुन्हा बघा. तेव्हाची रोपं बोटाएवढी असतील, एका हाताने निघतील.