पान पिवळं पडायच्या आधी मूळ उकरा

पहिला दमदार पाऊस होऊन पंधरा दिवस झाले असतील, तर आजच कुदळ घेऊन रानात जा. हुमणी म्हणजे मातीत राहून मुळं खाणारी पांढरी अळी. तिचे भुंगेरे पावसानंतर दिवेलागणीला जमिनीतून निघतात, कडुनिंब-बाभळीचा पाला खातात आणि परत मातीत शिरून अंडी घालतात. दहा-पंधरा दिवसांत अंडी फुटतात. पुढचे तीन-चार आठवडे अळी लहान असते. निंबोळी, करंज यांचा जो काही गुण यायचा तो एवढ्याच दिवसांत येतो. अर्धचंद्रासारखी वाकलेली, बोटाएवढी जाड झालेली अळी अर्काला दाद देत नाही.

मी गेलेली जी पिकं पाहिली, त्यातली बहुतेक एकाच गोष्टीनं गेली. मूळ उकरून कोणी पाहिलंच नव्हतं. पान पिवळं दिसलं की दुकानात फोटो दाखवायचा, तिथून टॉनिकची बाटली आणायची, वर युरिया टाकायचा. खायला मूळच शिल्लक नाही, तर खत घेणार कोण?

पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल उकरा. झाडांखालची आणि बांधाकडची जागा सोडू नका, भुंगेऱ्यांची अंडी तिथे जास्त असतात. मलूल रोपासोबत त्याच ओळीतलं शेजारचं टवटवीत रोपही काढा. अळी वाळलेल्या रोपाचं मूळ संपवून पुढे सरकलेली असते आणि बऱ्याचदा टवटवीत रोपाखालीच सापडते.

मुळावर गाठी दिसल्या तर नखानं खरवडा. कडधान्य, भुईमुगाच्या मुळावरच्या नत्राच्या गाठी सहज सुटून येतात, त्या चांगल्या. मूळच फुगून गाठ झालेली असेल आणि ती सुटत नसेल, तर सूत्रकृमी आहेत, म्हणजे मुळात शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी.

5 टक्के निंबोळी अर्क
- सावलीत वाळवलेल्या निंबोळीच्या बीतला गर 5 किलो, भरडून
- 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजत
- सकाळी फडक्यातून गाळून, 200 ग्रॅम साबण विरघळवून, एकूण 100 लिटर पाणी
- त्याच दिवशी वापरायचा

बुरशी आलेली किंवा वर्षापूर्वीची निंबोळी घेऊ नका. पाणी गरम करू नका. क्षारयुक्त पाण्यातही अर्काचा जोर लवकर उतरतो, शक्य असेल तर पावसाचं पाणी वापरा. उन्हानं त्यातला अ‍ॅझाडिरेक्टिन हा कीड रोखणारा घटक लवकर नष्ट होतो, म्हणून आळवणी, म्हणजे रोपाच्या बुडाशी अर्क ओतणं, संध्याकाळीच करा.

कोरड्या मातीवर ओतलेला अर्क वरच्या बोटभर थरातच अडकतो. आधी हलकं पाणी द्या, वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली, की आळवणी करा. भाजीच्या लहान रोपाला मी पाव लिटर देतो. हे मोजमाप माझ्या अनुभवाचं, शिफारशीतलं नाही. शेतात बगळे एकाच पट्ट्यात टोचत फिरताना दिसले की मी आधी तिथेच उकरतो, आणि सहसा हात रिकामा येत नाही.

निंबोळी तेल वापरायचं तर लिटरला 5 मिली, तेही साबणात नीट फेटून. तेल वर तरंगत राहिलं तर एका रोपाला नुसतं पाणी जातं आणि दुसऱ्याचं मूळ भाजतं. आधी चार रोपांवर देऊन दोन दिवस थांबा.

सूत्रकृमी असतील तर पेंडीवर भर द्या. निंबोळी पेंड हेक्टरी 250 ते 500 किलो, लागवडीआधी मातीत मिसळून. पेंड घाण्याची मिळाली तर तीच घ्या, रसायनानं तेल पूर्ण काढलेल्या पेंडीत कीड रोखणारा अंश कमी उरतो. मोहरीची पेंड ओल्या मातीत तिखट वाफ सोडते, ती घातल्यावर दोन आठवडे बी पेरू नका. एरंडीची पेंड जनावरं आणि कुत्र्यांपासून लांब ठेवा, विषारी असते. मोहाची पेंड तळ्याकडे वाहून गेली तर मासे मरतात.

तयार बाटली घ्यायचीच असेल तर लेबलवर अ‍ॅझाडिरेक्टिनचं पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) आणि तारीख बघा. नुसतं ‘जैविक’ आणि ‘चमत्कारी’ छापलेल्या महाग बाटलीला हात लावू नका. तेवढ्या पैशात पेंडीची पोती येतात, आणि पेंडीतून पिकाला नत्रही मिळतं.

बाकीची कामं
- कच्चं शेणखत नको, पूर्ण कुजलेलंच
- संध्याकाळी झाडं हलवून भुंगेरे वेचा, रॉकेलच्या पाण्यात टाका
- कोळपणीत दिसलेल्या अळ्या वेचा
- सूत्रकृमीच्या रानात फेरपालटीला झेंडू
- काढणीनंतर खोल नांगरट

अळी मोठी झाली असेल तर अर्कावर दिवस घालवू नका, ती वेचूनच काढावी लागते. लहान असेल तर आळवणीनंतर आठ-दहा दिवसांनी परत कुदळ मारा. मेलेल्या अळ्या मोजत बसू नका. निंबोळीनं अळी लगेच मरत नाही, तिचं खाणं आणि कात टाकणं बिघडतं. मुळाला नवी पांढरी तंतुमुळं फुटली आहेत का ते बघा. नसतील तर त्याच संध्याकाळी दुसरी आळवणी द्या.