लहान बाळाला एकमोवर घेण्याआधी

बाळाला एकमोवर (हृदय-फुप्फुसांचं काम काही काळ शरीराबाहेरून करणारं यंत्र) घ्यायचं ठरलं की सर्वात आधी त्याचं आजचं वजन फळ्यावर ठळक लिहावं. कॅन्युलाचं (रक्तवाहिनीत घालायच्या नळीचं) माप, हेपारिनचा (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा) डोस, पंपाचा प्रवाह, सगळं त्या एका आकड्यावर चालतं. नवजात असेल तर टाळूवरून मेंदूची सोनोग्राफी झाली का ते विचारावं, कारण आत मोठा रक्तस्राव असेल तर निर्णयच बदलतो. हृदयाचा इकोही झालेला हवा.

टोचाटोची हेपारिनच्या आधी उरका, हे मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला बजावतो. धमनीतली लाइन, लघवीची नळी, नाकातून पोटात जाणारी नळी, सगळं आधी. नंतर नाकात नुसतं खरचटलं तरी रक्त थांबता थांबत नाही.

खरा वेळ द्यावा तो सर्किटमधल्या, म्हणजे यंत्राच्या पंप आणि नळ्यांमधल्या, रक्ताला. 3 किलोच्या बाळाच्या अंगात जेमतेम पाव लिटर रक्त असतं आणि सर्किटमध्येही बहुधा तेवढंच किंवा जास्त मावतं, म्हणून ते नुसत्या सलाइनने भरून चालत नाही. रक्तपेढीकडे शक्यतो ताजी पिशवी मागावी. जुन्या रक्तात पोटॅशियम वाढलेलं असतं, शिवाय रक्त गोठू नये म्हणून पिशवीत घातलेलं सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवतं. तसंच रक्त बाळात सोडलं तर पंप सुरू होताच हृदय बंद पडू शकतं. भरलेल्या सर्किटमधून नमुना घेऊन पोटॅशियम, आयोनाइज्ड (न बांधलेलं, मोकळं) कॅल्शियम, पीएच पाहावं आणि गरजेप्रमाणे दुरुस्त करावं. रक्त कोमट झालंय ना, तेही बघावं. कॅल्शियम आणि अॅड्रेनॅलिनच्या सिरिंज नाव लिहून हाताशी ठेवाव्यात.

आईवडिलांशी बोलणारा माणूस आधीच ठरवावा. कॅन्युला घालण्यासाठी मानेतली उजवी कॅरोटिड धमनी (डोक्याकडे रक्त नेणारी) बऱ्याचदा कायमची बांधावी लागते, ही गोष्ट सहीच्या आधी त्यांच्या शेजारी बसून सांगायची. घाई आपली असते, बाळ त्यांचं आहे.

मग मान, कारण कॅन्युला तिथूनच घालायच्या. खांद्याखाली टॉवेलची गुंडाळी, डोकं डावीकडे. डोकं वळवताना श्वासाची नळी हलते किंवा दुमडते, म्हणून एकाने ती धरून ठेवावी आणि वळवल्यावर दोन्ही बाजूंचा श्वास पुन्हा ऐकावा. एक्स-रेची प्लेट आत्ताच पाठीखाली सरकवावी. कॉटरीची (रक्तस्राव जाळून थांबवणाऱ्या उपकरणाची) प्लेट, हेडलाइट, सक्शन तपासून घ्यावं. नवजातासाठी धमनीची कॅन्युला बहुधा 8 किंवा 10 फ्रेंच (नळीच्या जाडीचं एकक), शिरेची 10 ते 14; प्रत्येकीचं एक लहान मापही ट्रॉलीवर हवं, कारण एवढीशी शीर हात लागताच आकसते. अशा वेळी वरून टाकायला पॅपॅव्हरिन (रक्तवाहिनी सैल करणारं औषध) असावं. ट्यूबिंगचे निदान चार क्लॅम्प (नळी बंद करणारे चिमटे) आणि जोडताना बुडबुडे काढायला सलाइनच्या मोठ्या सिरिंज लागतील.

शीर उघडण्याआधी स्नायू सैल करणारं औषध दिलेलंच पाहिजे. त्या क्षणी बाळाने स्वतः जोरात श्वास घेतला तर हवा सरळ हृदयात जाते.

सर्जनने मानेतल्या रक्तवाहिन्या आजूबाजूपासून सोडवून मोकळ्या केल्या की हेपारिन, किलोला 50 ते 100 युनिट. देणाऱ्याने मोठ्याने सांगावं, सिस्टरने वेळ लिहावी आणि साधारण 3 मिनिटं जाईपर्यंत सर्जनने कॅन्युला घालू नये. प्रवाह सुरू झाल्यावर शिरेतलं टोक उजव्या कर्णिकेत आणि धमनीतलं महाधमनीच्या कमानीपाशी आहे हे एक्स-रे किंवा इकोवर दिसेपर्यंत निर्जंतुक चादरी काढायच्या नाहीत.