मुलांना घेऊन स्टेकहाउसला जाताना

टेबल संध्याकाळी पाचचं घ्या. साडेसहाचं मिळत असलं तरी पाचचंच. त्या वेळी खोली निम्मी रिकामी असते, स्वयंपाकघरावर ताण नसतो आणि वेटरला तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड असते. फोनवरच सांगा की सोबत मुलं आहेत, कोपऱ्यातलं टेबल द्या.

आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि घरातला वाढदिवस असो की निकाल, न्यूयॉर्कच्या जुन्या स्टेकहाउसमध्ये, म्हणजे बीफचे जाड तुकडे (स्टेक) भाजून वाढणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये, जातो. पहिल्यांदाच जाणार असाल तर ब्रुकलिनचं पीटर लुगर बरं. १८८७ पासूनची जागा, टेबलक्लॉथ नसलेली लाकडी टेबलं, भरपूर गलबला. मुलाचा चमचा पडला तर कुणी वळूनही बघत नाही. तिथे क्रेडिट कार्ड न घेण्याची जुनी प्रथा आहे, म्हणून डेबिट कार्ड आणि रोख जवळ ठेवा. मुलं सात-आठ वर्षांची झाली की मॅनहॅटनमध्ये छत्तिसाव्या रस्त्यावरच्या कीन्सला न्या. १८८५ सालच्या या जागेच्या छताला तंबाखू ओढायचे मातीचे हजारो पाइप टांगलेले आहेत. पूर्वीची गिऱ्हाइकं आपले पाइप तिथेच ठेवून जात. बेसबॉलपटू बेब रूथ आणि आइन्स्टाइनही त्या गिऱ्हाइकांत आहेत.

घरात कोणी बीफ खात नसेल तर ते घरीच ठरवून निघा, मुलांसमोर टेबलावर वाद नको. कीन्सचं मटन चॉप प्रसिद्धच आहे, आणि बहुतेक ठिकाणी लॅम्ब चॉप किंवा सामन मासा मिळतो.

आता खरी अवघड गोष्ट: ऑर्डर दिल्यापासून स्टेक येईपर्यंतचा वेळ. दीड-दोन इंच जाडीचा तुकडा भाजायला आणि मग मुरायला (आचेवरून काढून तसाच ठेवायला) वेळ लागतोच. आधी स्टार्टर मागवलं असेल तर पाऊण तास सहज जातो.

‘मुलांचं जेवण आधी आणायला सांगा,’ हा सल्ला सगळे देतात. तो ऐकू नका. मी ऐकला होता. मॅनहॅटनमधल्या एका ठिकाणी आमच्या पाच वर्षांच्या मुलाचं चिकन दहा मिनिटांत आलं आणि पुढच्या दहा मिनिटांत संपलं. आमचा स्टेक आला तेव्हा पोट भरलेला, कंटाळलेला मुलगा टेबलाखाली होता. वेटर ताटली ठेवायला वाकला आणि त्याच क्षणी हा बाहेर आला. उकळतं लोणी माझ्या मनगटावर सांडलं. बोटभर अंतरावर त्याचं डोकं होतं. तो डाग अजून आहे आणि ती संध्याकाळ मी विसरलेले नाही.

म्हणून मुलांनी मोठ्यांबरोबरच जेवायचं. वेटर पेयं विचारायला येईल तेव्हाच सगळी ऑर्डर एकदम द्या. मुलांसाठी आधी फक्त श्रिम्प कॉकटेल (सॉससोबत गार कोळंबी) किंवा थोडे फ्राइज मागवा. पावाची टोपली आली की प्रत्येकाला एकच तुकडा द्या आणि टोपली परत पाठवा; मुलं पावावरच पोट भरतात. मग वेटरला सांगून एका मोठ्या माणसाने मुलांना पंधरा मिनिटं बाहेर फिरवून आणायचं. कीन्सपासून मेसीज या मोठ्या दुकानाच्या सजवलेल्या काचा पाच मिनिटांवर आहेत. परत आल्यावर छताचे पाइप मोजायला लावा. मोबाइल मात्र अजिबात नको. स्क्रीनवरून उठवलेलं मूल नीट जेवत नाही, आधी भांडतं.

स्टेक येण्याआधी दोन कामं करून ठेवा. दातेरी सुऱ्या मुलांच्या हातापासून दूर सरकवा आणि मुलांसाठी गार, रिकाम्या ताटल्या मागून घ्या. रुथ्स क्रिस या स्टेकहाउसच्या साखळीत ताटली ५०० अंश फॅरनहाइटला, म्हणजे २६० सेल्सिअसला तापवून आणतात. त्या ताटलीतून मुलाने थेट खायचं नाही, यावर माझ्याकडे तडजोड नाही.

मुलांसाठी वेगळा स्टेक मागवू नका. मोठा पोर्टरहाउस, म्हणजे मधे हाड असलेला स्टेक, मागवून वाटून घ्या. हाडाच्या एका बाजूला स्ट्रिप असते, दुसऱ्या बाजूला टेंडरलॉइन. मऊ टेंडरलॉइन मुलांचं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मते अखंड मांसाचा तुकडा आतून १४५ फॅरनहाइट (६३ सेल्सिअस) झाला आणि तीन मिनिटं मुरला की सुरक्षित. हे साधारण मीडियम (मध्यम शिजलेलं) होतं, म्हणून मुलं सोबत असताना मीडियम रेअरचा (त्याहून कमी शिजलेल्याचा) मोह सोडा. पाच वर्षांखालच्यांना मी कडेचे, पूर्ण शिजलेले तुकडेच देते. रेषांना आडवं कापा. तीन वर्षांच्या मुलाला हरभऱ्याएवढा तुकडा पुरे, चरबी काढून.

लाल पाणी बघून मुलं ‘रक्त!’ म्हणून ओरडतात. ते मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनामुळे लाल दिसणारं पाणी असतं, रक्त नव्हे. हे निघतानाच गाडीत सांगून ठेवा.

गोड एकच मागवा, चमचे चार. टिप वीस टक्के, मुलांनी खाली सांडलं असेल तर थोडी जास्त. उरलेलं हाड बांधून घ्या. दुसऱ्या दिवशी कांदा, आलं आणि मिरी घालून दोन तास मंद आचेवर उकळलं की त्याचं सूप मुलं वाटी चाटून पितात.